मागलं दार

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला जाणारी संध्याकाळची बस. जुलैचा पाऊस, बंद काचांवर आतून साचलेली वाफ, ओल्या छत्र्यांचा आणि डिझेलचा मिसळलेला वास. पुढच्या बाकावर एक आजी आणि तिचा अकरा-बारा वर्षांचा नातू. आजीच्या पायाशी बाजाराची पिशवी, नातवाच्या हातात उभा धरलेला फोन. त्यावर 1978 सालच्या ‘हॅलोवीन’ या भयपटाची सुरुवात चालली होती. म्हणजे चालली होती असं म्हणणंही कठीण, कारण पोराचं बोट पडद्याच्या उजव्या अंगाला टिचक्या मारत होतं आणि प्रत्येक टिचकीला चित्र दहा सेकंद पुढे उडी घेत होतं. अंगण, टिचकी, खिडकी, टिचकी. “यात काय पण नाही,” तो म्हणाला. आजी म्हणाली, “मग कशाला बघालास रे?” तर म्हणतो, “कधी मारतंय ते बघालोय.” जांबोटी मागे पडली, झाडी दाट झाली, रेंज गेली, आणि चित्र एका स्वयंपाकघरात अडकून बसलं. वर ते गोल फिरणारं चक्र. पोरगा वैतागून फोन हलवायला लागला. आजी वाकली, चष्मा सारखा केला, त्या थिजलेल्या चित्राकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाली, “मागलं दार कडी न लावता बसत्यात व्हय ही माणसं?”

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

या सुरुवातीबद्दल आजवर कितीतरी लिहून झालंय. कॅमेरा कुठे आहे, कोणाचे डोळे आहेत, पहिला काप (कट) कुठे पडतो. चित्रपट शिकवणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी या प्रसंगावर येऊन थांबतो. पण कडीबद्दल कोणी बोललेलं नाही. आजीला ना आधीचं अंगण दिसलं होतं, ना खिडकी, ना पुढचा सुरा. तिला एक चित्र दिसलं आणि त्यात तिने बरोबर ती जागा पकडली जिथून सगळं अघटित आत शिरतं. नातवाने टिचक्यांनी नेमकं तेच ओलांडलं होतं. प्रसंग सुमारे चार मिनिटांचा आहे, म्हणजे चोवीस टिचक्यांत संपतो. एका टिचकीत 240 चौकटी, म्हणजे फिल्मची सुटी चित्रं, जातात.

त्या चौकटींत काय आहे, ते एकदा न उड्या मारता बघायला हवं. काळ्या पडद्यावर डाव्या बाजूला कोरलेला भोपळा, आत दिवा, आणि कॅमेरा हळूहळू त्याच्याकडे सरकत जातो. त्यावर पाच मात्रांत चालणारी ती पियानोची धून. चारची सवय असलेल्या कानाला प्रत्येक आवर्तनात कुठेतरी पायरी चुकल्यासारखं वाटतं. ही धून दिग्दर्शक जॉन कारपेंटर यांचीच. मग 1963 सालची रात्र, समोर दुमजली घर, आणि कोणाची तरी नजर त्या घराकडे चालू लागते. बाजूच्या खिडकीतून सोफ्यावरचं जोडपं दिसतं. दोघं वर जातात. नजर परत पुढे येते, वर बघते, वरच्या खोलीतला दिवा विझतो आणि त्याच क्षणी एक तीक्ष्ण सूर घुसतो. इतका वेळ आपण नुसते बघे होतो. दिवा विझला आणि बघणाऱ्याच्या मनात काहीतरी ठरलं, हे त्या एका सुराने सांगितलं. मग घराला वळसा, मागचं दार, स्वयंपाकघर. दिवा लागतो. एक हात खण उघडून सुरा काढतो. बाहेरच्या खोलीत नजर थांबून राहते, तो तरुण शर्ट चढवत जिना उतरतो, निघून जातो. आता जिना मोकळा आहे. मला विचाराल तर चार मिनिटांतला सगळ्यात भयंकर भाग हा थांबण्याचा आहे, कारण त्या क्षणी कोणीही काहीही करू शकत नाही आणि आपल्याला तेवढंच कळतं.

हे शक्य झालं ते पॅनाग्लाइडमुळे. गॅरेट ब्राउन यांचं स्टेडिकॅम तेव्हा नुकतंच आलेलं होतं आणि पॅनाव्हिजन कंपनीने त्याच धर्तीवर स्वतःचं यंत्र काढलं, ते हे. चालकाच्या अंगावर जाकीट, त्याला स्प्रिंगचा हात, हाताला तोललेला कॅमेरा. रुळांवरची ट्रॉली जिना चढत नाही, आणि हातात धरलेला कॅमेरा इतका हलतो की डोळा ‘कोणीतरी चित्रण करतंय’ हे ओळखतो. पॅनाग्लाइड या दोन्हींच्या मधलं होतं. ते तरंगतं, पण जरासं झुलतंही. माणूस चालताना त्याची नजर अशीच असते. छायाचित्रकार डीन कंडी यांनी रुंद पडदा वापरला, 2.35 ला 1. म्हणजे मधोमध जे घडतंय त्याच्या दोन्ही बाजूंना अंधाराच्या दोन मोठ्या पट्ट्या कायम उघड्या. बघणाऱ्याची नजर सतत त्या पट्ट्या चाचपत राहते. फोन उभा धरून दोन्ही कडा कापल्या की त्या पट्ट्याच जातात, आणि मग खरंच ‘यात काय पण नाही’ उरतं. पोराची चूक नव्हती.

वर गेल्यावर मुखवटा सापडतो. हात तो उचलून डोळ्यांवर चढवतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि नंतर सगळं दोन भोकांतून दिसायला लागतं, आतून श्वास ऐकू येतो. हा मुखवटा तीन कामं करतो आणि मला त्याचं फार कौतुक आहे. एक, तो नजरेचा मालक लपवतो. दोन, रुंद पडदा अचानक आवळतो, त्यामुळे आपला जीव गुदमरतो. आणि तीन, त्या काळोखात एक जोड लपलेला आहे. जे सलग वाटतं ते तिथे कापून पुन्हा शिवलंय, आणि शिवण मुखवट्याखाली गेलीय. पुढे वार होताना नजर त्या जोडप्यातल्या मुलीकडे, म्हणजे स्वतःच्या बहिणीकडे न राहता वर-खाली होणाऱ्या स्वतःच्याच हाताकडे वळते. हे विचित्र आहे आणि खरं आहे. आपण काय करतोय याकडे तो परक्यासारखा बघतो. तो हात पडद्यावर ज्याचा म्हणून दाखवलाय त्याचा नाही, निर्माती डेब्रा हिल यांचा आहे. मग घाईने जिना, पुढचं दार, बाहेर गाडी, “मायकल?” अशी हाक, मुखवटा ओढला जातो आणि अखेर उघड काप पडतो. समोर सहा वर्षांचा मुलगा, विदूषकाचे कपडे, हातात सुरा. क्रेनवरचा कॅमेरा मागे आणि वर जायला लागतो, दोन्ही बाजूंना आईबाप थिजलेले.

चार मिनिटं कात्री खाली ठेवली होती ती या एका कापासाठी.

इथे एक लबाडी आहे आणि ती बघून घ्यावी. सहा वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असते. पडद्यावरची नजर मोठ्या माणसाच्या उंचीवरून चालते. खरी उंची ठेवली असती तर ओटा, खण, जिन्याचा कठडा सगळं वर गेलं असतं आणि गुपित स्वयंपाकघरातच फुटलं असतं. शेवटच्या कापाच्या धक्क्यात अर्धा वाटा या खोट्या उंचीचा आहे. काहींना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही, कारण आपण बघताना उंची मोजत नसतो, आपण ‘आत शिरलेला मोठाच माणूस असणार’ हे आधीच गृहीत धरून बसलेले असतो. लबाडी आपल्या गृहीताची आहे, कॅमेरा फक्त तिला विरोध करत नाही.

याच्या उलट टोकाला ‘द शायनिंग’ची सुरुवात. 1980 चा चित्रपट. तिथे नजर कोणाचीच नाही. हेलिकॉप्टरवरून घेतलेलं मॉंटानातलं सेंट मेरी सरोवर, मधलं छोटं बेट, मग डोंगररस्त्यावर एक पिवळी फोक्सवॅगन, मुंगीएवढी. कॅमेरा तिच्या मागे लागतो, तिला गाठतो आणि तिच्यात रस नसल्यासारखा कड्यावरून दरीवर निघून जातो. आता आपल्याकडच्या चोर्ला घाटावर प्रत्येक लग्नाआधीच्या व्हिडिओसाठी ड्रोन उडतो, तीच वळणं, तीच हिरवी दरी, ढग. भीती मात्र वाटत नाही. कारण ड्रोन चालवणारा गाडीला चौकटीच्या मध्यात धरून ठेवतो, तिच्यावर प्रेम असल्यासारखा. ‘शायनिंग’चा कॅमेरा गाडी सोडून देतो. तेवढा एकच फरक, बाकी काम चित्राखाली वाजणारं जुनं शोकगीत करतं. ‘जॉज’मध्ये (1975) तिसरीच तऱ्हा. तिथे संकलक व्हर्ना फील्ड्स कापतात, आणि कापतात ते अगदी नको तेव्हा. पाण्यात मुलगी ओढली जातेय आणि चित्र किनाऱ्यावर, वाळूत दारूच्या धुंदीत पडलेल्या मुलाकडे जातं, जिथे सगळं शांत आहे. हल्ला करणारा शार्क मासा दिसतच नाही. पाण्यात दोरी बांधलेल्या नटीला ओढणारी माणसं होती, पडद्यावर फक्त तिचं हिसकलं जाणं आहे.

पण आजीच्या वाक्याने मन परत परत घराकडे येतं. हे प्रसंग आपण आपल्या घरात बसून बघतो आणि नकळत आपल्याच घरावर बेतून बघतो. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागातली जुनी घरं आठवा. दर्शनी रुंदी बारा-पंधरा फूट, लांबी चाळीस किंवा त्याहून जास्त. रस्त्याला सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, न्हाणी, आणि शेवटी परडं. दारं बहुतेक एका रेषेत. सोप्यात उभं राहिलं तर अंधाऱ्या नळीच्या टोकाला परड्यातला उजेडाचा चौकोन दिसतो. भयपटाची सुरुवात करायला याहून चांगली वास्तू मागून मिळायची नाही, आणि इथली मुलं ती ओळखतातही. महाविद्यालयांच्या लघुपटांत ही घरं हमखास येतात. घर भीतिदायक असतं, चित्रण बिचकतं. का बिचकतं, ते सांगण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट वेग. परड्यातून सोप्यापर्यंत नेहमीच्या चालीने गेलं की पडद्यावर कोणीतरी गाडी पकडायला धावतंय असं दिसतं. सेकंदाला दोन फूट ही चाल बरोबर बसते, चाळीस फुटांना वीस सेकंद. गुडघे किंचित वाकलेले, टाच आधी, मग चवडा. गिंबल, म्हणजे कॅमेरा तोलून धरणारी दांडी, डावी-उजवीकडचा झोल सावरते, पण पावलागणिक होणारी वर-खाली उसळी तिला सावरत नाही, ती गुडघ्यांनीच खायची असते. आणि मग येतो उंबरठा. जुन्या घरांत तो पाच-सहा इंच उंच असतो आणि प्रत्येक उंबरठ्याला कॅमेरा उडी मारतो. त्यावर फळी टाकून उतार करतात, तर फळी करकरते. माझ्या मते उंबरठ्याशी भांडू नये. तिथेच कापावं. कॅमेरा चौकटीच्या काळ्या लाकडाच्या इतका जवळ न्यायचा की पडदा पूर्ण काळा होईल, पाच-सहा चौकटी तसाच ठेवायचा, थांबायचं, आणि पुढच्या खोलीचा तुकडा त्याच काळ्यातून, त्याच दिशेने, त्याच चालीने सुरू करायचा. दिशा किंवा चाल जराशी बदलली तर डोळ्याला शिवण लागते. मुखवट्याने जे केलं तेच आपला उंबरठा करतो.

दुसरी गोष्ट उजेड. फोनचा कॅमेरा आपोआप उजेड जुळवत असतो. परड्यातून अंधाऱ्या न्हाणीत शिरलं की दोन सेकंद सगळं काळं, मग हळूहळू चित्र उजळत जातं आणि त्यात मुंग्या वळवळायला लागतात. भीती तिथेच मरते, कारण आता यंत्र दिसलं. उजेड आणि फोकस दोन्ही कुलूपबंद करायचे, आणि ते खोलीतल्या सगळ्यात उजळ गोष्टीवर, देवापुढच्या समईवर किंवा बल्बवर. बाकी अंधारात गेलं तर जाऊ द्यावं, ते जाण्यासाठीच आहे. शटर 1/50 सेकंदावर. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, 1/60 ठेवलं की काही दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे सरकायला लागतात. माजघरात पिवळा बल्ब आणि स्वयंपाकघरात पांढरी ट्यूब असेल तर रंगाचा समतोलही हाताने एका जागी बांधून ठेवायचा. अतिरुंद भिंगाचा मोह टाळावा. त्यात दाराच्या चौकटी पिंपासारख्या फुगतात आणि कमी उजेडात चित्र चिखल होतं. हात दाखवायचा असेल तर तो कॅमेरा धरणाऱ्याचा नसतो, त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. दुसऱ्याने त्याच्या उजव्या बगलेखालून, बसल्या बसल्या, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून हात पुढे करायचा. थेट समोरून आला तर तो पाहुण्याचा हात वाटतो.

पाऊस दाखवायचा तर दिवा पावसाच्या मागे हवा आणि त्यामागे अंधार. समोरून उजेड टाकला की धो धो पाऊसही कॅमेऱ्याला दिसत नाही. ‘तुंबाड’च्या मंडळींनी खऱ्या पावसासाठी एकामागून एक पावसाळे वाट बघितली, ती उगाच नाही. ओल्या उजेडाची नक्कल करता येत नाही. खानापूरच्या अंगाला तो चार महिने फुकट मिळतो.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि तिथेच आपल्याकडे सगळ्यात मोठा ठेवा आहे. वडगावच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट दिवसभर चालते. तिथल्या माणसाला ती ऐकू येत नाही, भिंतीच्या रंगासारखी ती असते. वीज गेली की सगळ्या घरांतले माग एकदम थांबतात. त्या क्षणी येणारी शांतता अंगावर येते. बायका कामातून मान वर करतात, तान्ही मुलं दचकून रडतात. अंधार झाला म्हणून नव्हे, भर दुपारीही असंच होतं. भयपटात आवाज वाढवून दचकवणारे शेकडो आहेत. मागांचा आवाज पहिल्या मिनिटापासून पायाखाली चालू ठेवायचा, कोणाचं लक्ष जाणार नाही इतका, आणि कॅमेरा परड्याच्या दाराशी आला की तो कापायचा. चित्र कापण्याआधी दहा-बारा चौकटी. कान आधी घाबरतो, डोळा नंतर कारण शोधतो. त्यासाठी चित्रणाच्या दिवशी प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवावा लागतो. कौलाखालचा पाऊस आणि पत्र्याखालचा पाऊस वेगळा असतो. दोन तुकड्यांत तो बदलला तर बघणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण तो प्रसंगातून बाहेर पडतो.

आणि कडी. तिन्हीसांजेला पुढचं दार उघडायचं आणि मागचं लावायचं, हे आपल्या घरांत कोणी शिकवलेलं आठवत नाही आणि तरी सगळ्यांना माहीत असतं. पुढून लक्ष्मी येते, मागून जाऊ नये. दिवा लावायला निघालेली बाई आधी परड्याच्या दाराकडे जाते, कडी घालते, मग हात धुऊन देवापाशी येते. त्या क्रमात एक पूर्ण सुरुवात आहे. सोप्यात दिवा लागतो, घंटा, शुभंकरोती म्हणणारी मुलं. कॅमेरा माजघरातून उलटा मागे जातोय, कोणाच्याही नजरेने नाही, आवाज लहान होत चाललाय. न्हाणी. परड्याचं दार लोटलेलं. कडी खाली लोंबतेय. इथे किती वेळ थांबायचं हा सगळा प्रश्न आहे. दोन सेकंद दिले तर बघणाऱ्याला कडी दिसते. चार दिले तर ती घातलेली नाही हे कळतं. सात-आठ दिले तर तो मनातल्या मनात उठून ती घालायला निघतो, आणि मला कापायचंय ते तिथे. ‘हॅलोवीन’ आपल्याला शिरणाऱ्याच्या डोळ्यांत बसवतो आणि आपण सगळे अभ्यासक तिथे मुकाट बसतो. आजी बसली नाही. तिच्यावर घर सांभाळायची जबाबदारी आयुष्यभर होती, तिने नजर कोणाची आहे हे विचारलंच नाही. ती घरातच उभी राहिली. असं बघणारं माणूस समोर आहे हे धरून सुरुवात बांधली, तर सुरा काढायचीही गरज पडणार नाही.

बसमध्ये दिवे मिणमिणत होते. पोराने फोन खिशात टाकला नव्हता, तो अजून त्या थिजलेल्या स्वयंपाकघराकडे बघत होता. नवीन टिचकी मारता येत नव्हती. एवढ्या वेळात त्याने पहिल्यांदाच एक चित्र मिनिटभर बघितलं असेल. बाहेर कणकुंबीचं धुकं काचेला टेकलं होतं.

“आज्जी,” तो म्हणाला, “आपलं परड्याचं दार लावलंय काय गं?”

आजीने जरा विचार केला. “निघताना मी लावलंय वाटतंय. फोन लाव बघू घरला.”

“रेंज नाही.”